लांगयोकुलवरचा एक दिवस: बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी

दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या ओळखीच्या घरांतून हल्ली आइसलंडचे बेत ठरू लागले आहेत, आणि बेत ठरला की मला फोन येतो. विचारणा बहुतेक एकाच दिवसाबद्दल असते: सकाळी राजधानी रेक्याविकहून निघायचं, थिंगवेलिरची फाटलेली जमीन, गेसिरचे गरम पाण्याचे फवारे आणि गुल्लफॉस धबधबा बघायचा, तिथून मोठ्या चाकांच्या जीपमधून कच्च्या वाटेने वर चढायचं, लांगयोकुल हिमनदीच्या बर्फावर स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी, चालवायची आणि रात्री हॉटेलवर परत. हे एका दिवसात होतं का, सासूबाईंना नेता येईल का, घालायचं काय, मशीन झेपेल का. मी भाचा, त्याची बायको आणि वहिनी यांच्याबरोबर हा दिवस केला आहे, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी हा दिवस बघायचा कसा, ते सांगते. माझी नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात झाली. कुठलंही पाणी दिसलं की ते येतं कुठून आणि जातं कुठे, हे मी शोधत राहते. लांगयोकुल हा आइसलंडमधला दुसऱ्या क्रमांकाचा बर्फाचा विस्तार, पठारावर पसरलेला, काही ठिकाणी 500 मीटरहून जास्त जाडीचा. त्याच्या पूर्वेकडचं वितळलेलं पाणी ह्वीतारवात्न नावाच्या तळ्यात उतरतं, तिथून ह्वीता नदी निघते आणि तीच गुल्लफॉसला कोसळते. त्याच बर्फाचं दुसरं पाणी लाव्हाच्या थरांत मुरतं आणि जमिनीखालून सरकत थिंगवेलिरच्या भेगांमधून वर येतं. या प्रवासाला 30 ते 100 वर्षं लागतात. महीच्या पात्रातल्या आपल्या फ्रेंच विहिरींत वाळूतून गाळलेलं पाणी येतं, तसं तिथे लाव्हातून गाळलेलं. म्हणजे दिवसभरात तुम्ही जी ठिकाणं बघता, त्यातली बरीचशी एकाच पाण्याची आहेत. आदल्या रात्री नकाशा काढून मुलांना हे बोटाने दाखवा. दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून स्वतः ओळखू लागतात.

कोणती सहल घ्यायची

या दिवसाचे दोन प्रकार मिळतात. पहिल्यात मोठ्या बसने तिन्ही ठिकाणं दाखवतात आणि गुल्लफॉसहून वर नेणारी गाडी वेगळी असते. दुसऱ्यात सकाळपासून एकच जीप आणि तोच ड्रायव्हर-गाइड असतो. दुसरा महाग पडतो, तरी चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. बसला वेळ पाळावाच लागतो. जीपवाला हवा बघून क्रम फिरवतो, वर ढग असतील तर खाली जास्त थांबतो, वाटेत कुठे घोडे दिसले तर गाडी उभी करतो.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी ईमेलवर लेखी विचारून घ्या. प्रत्यक्ष मशीनवर किती वेळ मिळतो? जाहिरातीत दहा तास लिहिलेले असले तरी बर्फावरचा वेळ बहुधा तासाभराचा असतो आणि त्यातच शिकवणंही येतं. दर दोघांत एक मशीन धरून आहे का? एकट्याला हवं असेल तर वेगळे पैसे पडतात. ओव्हरऑल (कपड्यांवरून चढवायचा अखंड पोशाख), हेल्मेट आणि हातमोजे ते देतात. बूट देतात का, हे विचारा. मशीनला नुकसान झालं तर तुमच्यावर किती रकमेपर्यंत येतं? हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख? लहान मुलांसाठी किमान वय प्रत्येकाचं निराळं असतं, साधारण आठ-दहाच्या आसपास, तेही विचारायचं. गरोदर बाईला स्नोमोबाइलवर घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मानेचा किंवा कमरेचा जुना त्रास असलेल्यांनी आपणहून नाही म्हणावं. बर्फ वरून गुळगुळीत दिसतो, पण मशीनखाली तो खडबडीतच असतो.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना जरूर न्या, फक्त वर मशीनवर बसवू नका. गुल्लफॉसला उबदार कॅफे आहे, तिथे त्या आणि घरातलं आणखी एक माणूस निवांत थांबू शकतात. आमच्या वहिनीने हेच केलं, आणि त्या दोन-तीन तासांत ती धबधबा दोन वेगवेगळ्या उंचीवरून बघून आली.

"ऑफ-रोड" या शब्दावर भुलून स्वतः गाडी भाड्याने घेऊन रानात घालायचा विचार मात्र कुणी करू नये. आइसलंडमध्ये रस्ता सोडून जमिनीवर गाडी नेणं हा कायद्याने गुन्हा आहे, निसर्गसंरक्षणाचा 2013 चा कायदा त्यावर स्पष्ट आहे आणि दंड जबर बसतो. तिथल्या शेवाळावर उमटलेला चाकाचा व्रण भरून यायला कित्येक दशकं लागतात. मोकळीक आहे ती हिमनदीवर, आणि जमीन गोठून बर्फाने झाकली असेल तेव्हा. एरवी जीप कितीही उड्या मारत गेली तरी ती आखलेल्या कच्च्या रस्त्यावरच असते. "एफ" अक्षराने सुरू होणाऱ्या रस्त्यांवर फोर बाय फोर गाडीच लागते, आणि नदीच्या पाण्यातून जाताना गाडी बिघडली तर भाड्याच्या गाडीचा विमा साधारणपणे भरपाई देत नाही. ज्यांनी आयुष्य त्या वाटांवर काढलं आहे, त्यांच्या हाती स्टिअरिंग द्या.

कधी जायचं

आपल्याकडे सुट्ट्या दोनच, मे महिना आणि दिवाळी. मी मे सांगेन. हिवाळ्याचा बर्फ वर अजून भरपूर आणि घट्ट असतो, उजेड रात्री दहापर्यंत सहज पुरतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी आलेली नसते. पठारावरचे बरेचसे रस्ते साध्या गाड्यांना जूनपर्यंत बंद असतात, पण तुम्ही मोठ्या जीपने जाणार असल्यामुळे त्याने अडत नाही. दिवाळीत दिवस भराभर लहान होत जातो आणि फिरायला थोडेच तास उरतात. उत्तरेचा प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसण्याची शक्यता मात्र तेव्हाच, मेमध्ये आकाश पुरेसं काळोखं होतच नाही. जुलै-ऑगस्टमध्येही स्नोमोबाइल चालू असते, पण वरचा बर्फ मऊ, ओलसर आणि राखेने करडा झालेला असतो.

तारीख कोणतीही असो, हिमनदीचा दिवस प्रवासाच्या सुरुवातीकडे ठेवा. उतरल्यावर एक दिवस विश्रांतीचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी लांगयोकुल. हवा बिघडली तर पुढे सरकवायला दिवस हाताशी राहतात. शेवटच्या दिवशी ठेवलेली हिमनदी रद्द झाली की ती गेलीच.

कागदपत्रांचं थोडक्यात

आइसलंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी पोहोचायलाच हवा. मे महिन्यासाठी सगळा गुजरात एकदम अर्ज करतो, म्हणून फेब्रुवारीतच लागा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. विमा घेताना त्यात स्नोमोबाइल धरली आहे का, ते वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यासाठी वेगळी भर घालावी लागते. भारतातून थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलावं लागतं, आणि शेंगेनची तपासणी शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावरच होते. दोन विमानांमध्ये तीनेक तास असू द्या.

मशीन जो चालवणार त्याच्याकडे गाडीचं पक्कं लायसन्स हवं. लर्निंगवर चालत नाही. फोनमधलं दाखवू असं गृहीत धरू नका, ओरिजिनल कार्ड पाकिटात ठेवा. मागे बसणाऱ्याला लायसन्स लागत नाही.

कपडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बडोद्यात आपण 43 डिग्रीचा उन्हाळा काढतो, थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार सकाळी. त्यामुळे जाड जाकीट एक घेतलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. निघायच्या आठवड्यात भाचा म्हणाला, "आत्या, वरून ओव्हरऑल देणारच आहेत, मग आत जीन्स चालेल ना?" मी त्याला सांगितलं, "अरे, वारा अडवतं ते ओव्हरऑल. ऊब तुझी तुलाच न्यायची आहे."

सुती काहीही अंगाला लागता कामा नये. बनियन, टी-शर्ट, जीन्स, मोजे, यातलं काही सुती नको. मशीनवर हात-खांदे काम करतात, माणूस घामाने भिजतो, आणि सुती कापड तो घाम धरून ठेवतं. थांबल्यावर तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. सगळ्यात आत लोकरीचा किंवा सिंथेटिकचा अंगाला चिकटून बसणारा थर्मल जोड, त्यावर फ्लीस किंवा पातळ स्वेटर, आणि सर्वात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. खाली थर्मलवर सुटसुटीत सिंथेटिक पँट. मोजे जाड लोकरीचे, आणि एकच जोड. दोन जोड कोंबले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गार पडतो. एक जादा जोड पिशवीत राहू द्या.

साडी नको हे सांगायला नको, पण ओढणी, स्टोल आणि लांब मफलर यांबद्दल मी कडक आहे. मशीनखाली पट्टा फिरत असतो, सैल कापड त्यात जाऊ शकतं. गळ्याला बंद नेक-वॉर्मर वापरा. केसांची वेणी घालून ती जाकिटाच्या आत. बांगड्या, अंगठ्या आणि लांब कानातली सकाळी हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर थर्मलच्या आत जाऊ द्या. नुसत्या स्वेटरच्या आत पुरत नाही, कारण हेल्मेटचा पट्टा आवळताना ते अडकतं.

चष्मा असणाऱ्यांसाठी खास. हेल्मेटखाली डोकं-तोंड झाकणारी टोपी देतात. ती नाकावर ओढली की श्वासाची वाफ वर जाऊन काच धुरकट होते. टोपीची कड नाकाच्या खाली ठेवा आणि हेल्मेटची काच बोटभर उघडी राहू द्या. गॉगल न्याच, कारण ऊन बर्फावरून उलटून येतं. त्याच कारणाने सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावायचं. फोनची बॅटरी थंडीत पटकन उतरते, फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा.

हे सगळं बडोद्यात जमवता येतं, मात्र डिसेंबर-जानेवारीत, स्वेटरवाले बसतात तेव्हा. एप्रिलमध्ये लोकरीचे मोजे शोधत मंगळ बाजार पालथा घालण्यात अर्थ नाही.

डब्याचं

भाखरवडी, लीलो चिवडा आणि थेपले खुशाल न्या. दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून युरोपात नेता येत नाही, त्यामुळे पेढे आणि श्रीखंड घरीच. शाकाहाऱ्यांना तिकडे स्कीर मिळतं, दह्याचं पाणी काढून केलेलं घट्ट आणि भरपूर प्रथिनांचं. कडक शाकाहारी असाल तर त्यात रेनेट (दूध घट्ट करणारं, बहुधा वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य) आहे का ते वाचून घ्या. गेसिरपासून जवळ, रेकहोल्टला टोमॅटोची मोठी काचघरं आहेत आणि तिथेच टोमॅटोचं सूप व ताजा पाव देतात. जमिनीतल्या गरम पाण्याने ऊब दिलेल्या घरात, बाहेर बर्फ असताना वेलीला लटकलेले टोमॅटो बघत जेवायचं. जागा आधी राखून ठेवावी लागते. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. गरम नळाला गंधकाचा वास येतो, तो जमिनीतूनच आलेला असतो.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी आठच्या सुमाराला गाडी येते. थिंगवेलिर 45 किलोमीटरवर. इथे सन 930 मध्ये आइसलंडची लोकसभा भरली आणि 17 जून 1944 ला प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली. उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूखंडांची तबकं इथे वर्षाला सुमारे 2 सेंटिमीटरने दूर जातात, आणि त्या फाटलेल्या जमिनीच्या उभ्या कातळातून चालत जाता येतं. सगळे तिकडे जातात, तुम्हीही जा. पण परतताना सिल्फ्राच्या भेगेजवळ पाच मिनिटं थांबा आणि पाण्यात बघा. इतकं स्वच्छ पाणी मी नोकरीत कुठल्याही प्रयोगशाळेच्या बाटलीत पाहिलेलं नाही. तळाचा दगड किती खोल आहे, याचा अंदाजच येत नाही. हे पाणी तुम्ही दुपारी जिथे जाणार आहात, तिथून निघालेलं आहे.

गेसिरला स्त्रोक्कुर नावाचा गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो, बहुधा 15-20 मीटर. वारा कुठून आहे ते बघून पाठीवर घ्या, म्हणजे वाफ आणि तुषार समोरच्या बाजूला जातात. दोरीच्या आत पाय नको. डबक्यातलं पाणी 80 ते 100 डिग्रीचं असतं. मूल असेल तर हात सोडू नका. एक-दोनदा उसळताना बघितलं की पुरे, कारण गुल्लफॉसला वेळ हवा.

गुल्लफॉस दोन टप्प्यांत 32 मीटर पडतो, आधी 11 आणि मग 21. उन्हाळ्यात सरासरी सेकंदाला 140 घनमीटर पाणी, म्हणजे एक लाख चाळीस हजार लिटर. पाण्याचा रंग नीट बघा, दुधात राख कालवल्यासारखा करडा-पांढरा. हिमनदी सरकताना खालचा खडक दळून त्याचं पीठ करते, ते पाण्यात तरंगत येतं. सकाळचं थिंगवेलिरचं पाणी आणि हे पाणी एकाच बर्फाचं. एक लाव्हातून गाळून आलं, दुसरं उघड्यावरून धावत आलं, एवढाच दोघांत फरक. ब्रातहोल्टच्या सिग्रीदुर तोमासदोत्तिर या शेतकरी बाईचं स्मारक तिथे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धबधब्यावर वीज करण्याचे बेत चालले होते, त्याविरुद्ध ती वर्षानुवर्षं लढली. तिच्या बाजूने उभे राहिलेले वकील स्वेन ब्योर्नसन पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मी धरणं-पाइपलाइनींच्या खात्यातली बाई. तरीही त्या दगडासमोर मी मनापासून हात जोडले.

इथलं स्वच्छतागृह वापरून घ्या. वर बर्फावर तशी सोय नसते, आणि एकदा ओव्हरऑल चढवलं की काढायला दहा मिनिटं लागतात.

वरची वाट

गुल्लफॉसपासून उत्तरेला 35 नंबरचा किओलुर रस्ता निघतो. डांबर थोड्याच अंतरात संपतं. आमची जीप मूळची साधीच, पण 44 इंची टायर बसवून उंच केलेली. आत चढायला शिडीसारखी पायरी होती. बर्फ लागला तिथे ड्रायव्हर थांबला आणि टायरमधली हवा सोडू लागला. हे खाली उतरून बघण्यासारखं आहे. रस्त्यावर 25-30 पीएसआयच्या आसपास असलेला दाब तो बर्फावर 5 च्याही खाली आणतो. हवा शिट्टी वाजवत बाहेर पडते, टायरचं पोट हळूहळू दोन्ही बाजूंना पसरतं, वळ्या पडतात, आणि चाकाचा जमिनीवर टेकलेला भाग बघता बघता दुप्पट लांब होतो. गाडीचं वजन मोठ्या जागेवर वाटलं गेलं की तीन टनांची गाडी बर्फात न रुतता वरून चालते. भाच्याला वाटलं पंक्चर झालं. ड्रायव्हरला विचारलं तर तो मीटर दाखवून सगळं समजावतो, त्यांना हे सांगायला आवडतं.

नदी-नाले ओलांडावे लागले तर ते सकाळी कमी भरलेले असतात. उन्हाच्या दिवशी दुपारनंतर बर्फ वितळून त्यांची पातळी चढते. ड्रायव्हर पाण्याकडे बघत उभा राहिला तर त्याला घाई करू नका. आत बसल्यावर पट्टा लावा आणि वरचं हँडल धरा. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि लांब क्षितिजाकडे बघत राहावं, फोनमध्ये नाही.

स्नोमोबाइल

तळावर कपडे चढवल्यावर गाइड दहा-पंधरा मिनिटं शिकवतो. इंग्रजी वेगात येतं आणि हेल्मेटमुळे कमी ऐकू येतं, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं.

हँडलच्या उजव्या मुठीखाली एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने दाबली की मशीन पुढे जातं. सोडली की वेग उतरतो. स्कूटरसारखी मूठ पिळायची सवय आपल्या हातात मुरलेली असते, ती इथे उपयोगाची नाही. डाव्या हाताला ब्रेक. मशीनला अडकवलेली एक दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावतात. तुम्ही पडलात की ती सुटते आणि इंजिन बंद होतं. ती लावल्याशिवाय निघू नका. लाल बटणही असतं, तेही इंजिन बंद करतं. मुठी गरम करायचं बटण विचारून घ्या, नाहीतर दहा मिनिटांत बोटं बधिर होतात.

अंगठा हळू दाबा. जोरात दाबला की मशीन झेपावतं आणि मागचा माणूस पाठीमागे जातो. घाबरल्यावर माणूस मूठ आवळतो, आणि त्यात अंगठाही दाबला जातो; नवख्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच होतं. म्हणून एकच गोष्ट पाठ करा, गोंधळ झाला की अंगठा उचला. वळताना अंग वळणाच्या आत झुकवा, मागच्यानेही तेच करायचं. उतारावरून आडवं जायचं असेल तर दोघांनीही वजन चढाच्या बाजूला टाकायचं. तोल जातोय असं वाटलं तरी पाय बाहेर काढू नका. मशीन जड असतं, पाय खाली सापडला तर मोडेल.

गाइडच्या मागे एकाच रेषेत जायचं, पुढच्या मशीनच्या पट्ट्याने उमटलेल्या खुणेवरच आपलं मशीन. शेजारचा बर्फ कितीही कोरा आणि मोहक दिसला तरी तिकडे वळू नका. हिमनदी सरकत असते, तिला भेगा पडतात, आणि वरून पडलेलं हिम त्या भेगा झाकून टाकतं. गाइडला वाट माहीत असते, आपल्याला नसते. अंतरही राखा. हात वर केला की थांबा आणि मागच्याला तसाच हात दाखवा.

अर्ध्या वाटेवर थांबतात, तिथे चालवणारा बदलता येतो. दोघांकडे लायसन्स असेल तर जरूर बदला. मागे बसणाऱ्याला जास्त थंडी वाजते आणि धक्केही जास्त बसतात, हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवून वेग ठेवावा. भाच्याची बायको परतीला चालवत होती आणि तिचा हात त्याच्यापेक्षा कितीतरी सरळ होता.

त्या थांब्यावर इंजिनं बंद झाली की फोटोच्या आधी चारही दिशांना बघा. पूर्वेला यार्लहेत्तुरचे काळे सुळके, स्वच्छ दिवशी लांब हॉफ्सयोकुलचा पांढरा विस्तार. पायाखालच्या बर्फाचं पाणी सकाळी कुठे पाहिलं, ते मुलांना तिथेच विचारा. आणि ओकबद्दलही सांगा. लांगयोकुलच्या पश्चिमेला ओक डोंगरावरची हिमनदी इतकी आटली की 2014 मध्ये ती हिमनदी राहिली नाही असं ठरवण्यात आलं, आणि ऑगस्ट 2019 मध्ये तिथे स्मृतिफलक बसवला गेला. पेट्रोलच्या मशीनवर बसून हे बोलायचं, हे मलाही सलतं. म्हणून मी सांगते, एकेकटं नको, एका मशीनवर दोघं मिळून बसा, एकदाच जा, आणि ज्या मुलांना यातलं काही कळतं त्यांनाच न्या.

कधी कधी ढग खाली उतरतो, बर्फ आणि आकाश एक होतं, सावली पडत नाही आणि चढ-उतार दिसेनासे होतात. पुढच्या मशीनचा लाल दिवा एवढाच बघायचा. तो दिसेनासा झाला तर जागीच थांबा, दिवा वापरा, मशीन सोडून चालत जाऊ नका. गाइड मोजणी करतो आणि परत येतो.

रद्द झालं तर

हवा बिघडली म्हणून सकाळी सहल रद्द झाली तर वाद घालू नका. जानेवारी 2020 मध्ये हवामानाचा इशारा असतानाही लांगयोकुलवर गेलेले 39 पर्यटक वादळात अडकले, त्यांना रात्री बचाव पथकांनी खाली आणलं. त्या पथकांतली माणसं स्वयंसेवक असतात, आपापली कामं सोडून येतात. रद्द करणारी कंपनी चांगली, असं मी मानते. आदल्या संध्याकाळी तुम्हीही वेदुर डॉट आयएस वर हवा आणि सेफट्रॅव्हल डॉट आयएस वर सूचना बघा. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात. नारिंगी दिसला तर आपणच दुसरी तारीख मागा. आणीबाणीचा नंबर 112, तिथेही.

परतताना

जीप फक्त तुमच्याच कुटुंबासाठी घेतलेली असेल तर ड्रायव्हरला सकाळीच सांगा की परतीला सेल्फॉसवरून जाऊ. गुल्लफॉसची ह्वीता आणि थिंगवेलिरच्या तळ्यातून निघालेली सोग या दोन नद्या तिथून थोडं वर एकत्र येतात आणि ओल्फुसाउ नावाने समुद्राकडे जातात. गाळलेलं आणि न गाळलेलं पाणी पुन्हा एका पात्रात. सेल्फॉसच्या पुलाजवळ गाडी लावून काठावर जाता येतं. वळसा फार नाही आणि ड्रायव्हरही सहसा हो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी उजवा अंगठा, खांदे आणि मांड्या दुखतात, तेव्हा त्या दिवशी लांबचं ड्रायव्हिंग ठेवू नका. गावोगावी जमिनीतल्या गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत, तिकीट माफक असतं, तिथे तासभर बसा. तलावात उतरण्याआधी पोहण्याचा पोशाख काढून साबणाने अंघोळ करणं सक्तीचं आहे. बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा असतो, पण आत आडोसा असेलच असं नाही. कुटुंबातल्या बायकांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे दारातून परत फिरायची वेळ येणार नाही. पोशाख आणि टॉवेल घरून न्या, तिथे भाडं पडतं.